बिडकीनचं भूत

१२ जानेवारी, सोमवार

पहिली आली ती गीताबाई. तनुजा नाय! माझी नात पार सातपुड्यातून एसटीनं येणार, मी उजाडल्यापासून दारात उभी, आणि रिक्षा थांबली तर तिच्याआधी ही शेजारीण आमच्या ओट्यावर. म्हणली, "मावशी, हेच का तुमचे भुतं काढणारे?" मी म्हटलं, आधी त्यांना चहा पिऊ दे, मग काय काढायचं ते काढतील.

तनू वाळली. पण हसली की गालाला तीच खळी, तिच्या आजोबाची. दीड वर्षानं बघितली. मी नुसती तिचे हात चाचपत बसले. बरोबर इंद्रजीत म्हणून एक आहे, दाढीवाला, पाठीवर गिटार. दोघं एकाच मिशनमध्ये. डोंगरातले पाडे फिरतात, प्रभूचं वचन सांगतात, आजाऱ्यासाठी प्रार्थना करतात. मी हळूच विचारलं, लग्नाचं काही? म्हणली, "आजी, आम्ही सहकारी आहोत." बरं बाई, सहकारी. सहकाऱ्यानं पाच भाकरी खाल्ल्या. मला लई बरं वाटलं.

आठ दिवस राहणार!

१३ जानेवारी

आज इंद्रजीतनं मला युद्ध समजावलं. आत्मिक युद्ध. कुठल्या गावावर कुठल्या दुष्टात्म्याचं राज्य आहे ते हुडकायचं, उपास करायचा, त्याला नाव विचारायचं, मग येशूच्या नावानं हुकूम द्यायचा. त्याच्याकडं नकाशा आहे, त्यावर लाल टिकल्या. आमच्या चिकलठाण्यावर पण एक. मी म्हटलं, इथं दिवसभर विमानं उतरतात, भुताला तरी झोप लागते का रे? तनू हसली. तो नाय हसला.

आमच्या काळी ह्याला युद्ध म्हणत नव्हते. हे — पुंजाराम, माझे मालक, चाळीस वर्षं सायकलवर सुवार्ता सांगत फिरले — हे नुसतं म्हणायचे, "आवडे, चल, पलीकडच्या गावाला एक बाई बघायची आहे." मी मागं कॅरेजवर. हे डोक्यावर हात ठेवून हळू आवाजात प्रार्थना करायचे. मग माझ्याकडं बघायचे, आता तुझं काम. माझं काम म्हणजे फणी. घुमून घुमून बायांच्या केसांच्या जटा झालेल्या. मी माझ्यापुढं पाठ करून बसवायची, तेल लावायची, एकेक गुंता सोडवायची. केस विंचरताना बाई बोलते. एकमेकीचं तोंड दिसत नाय ना.

सैतान आहे. मी पाहिलाय. दोन बाया अशा होत्या की त्यांचं इथं लिहायची पण छाती होत नाय. बाकीच्या बहुतेक उपाशी होत्या.

काय लिहायला बसले आणि काय लिहिलं. गीताबाईचं राहिलंच.

तिची सून रूपा. लग्नाला दोन वर्षं झाली. दोन महिन्यांपासून अंगात येतं. केस सोडते, डोलते, दात आवळते. गीताबाई आमच्याच मंडळीतली, चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसते, पण दाराला लिंबू-मिरची. आधी भगताकडं जाऊन आली, मग दर्ग्याचा गंडा बांधला. आता प्रभूची पाळी. रूपाचं माहेर बिडकीन. बिडकीन! इथून कपात चहा घेऊन निघालं तर पोचेस्तोवर कोमट राहील. आणि दोन वर्षांत पोरीला एकदा धाडलं नाय. का? तर रूपाची आई एकदा भेटायला आली आणि चार बायांत म्हणली, "माझी पोर वाळली." झालं. गीताबाईला लागलं. माहेर बंद.

१४ जानेवारी, संक्रांत

समोरच्या बायांनी तिळगूळ दिला. दात नायत तरी खाल्ला. चघळत बसले अर्धा तास.

दुपारी गीताबाईच्या खोलीत प्रार्थना. रूपा मधे बसली आणि घुमायलाच लागली. इंद्रजीत उभा, हात वर, आवाज पार जालना रोडपर्यंत.

"तुझं नाव काय?"

रूपा नुसती डोलतेय.

"येशूच्या नावानं विचारतो, कुठून आलास?"

रूपा घोगऱ्या आवाजात, "बिडकीनहून."

इंद्रजीतनं तनूकडं बघितलं. नकाशात बिडकीनला टिकली नव्हती.

"कशाला आलास? कुठं जायचंय तुला?"

"घरी जायचंय."

"मग जा! निघ इथून!"

"सोडत नायत."

गीताबाई तोंडाला पदर लावून भुताकडं बघतेय, इंद्रजीत भुताशी भांडतोय, आणि ती पोर सरळ सरळ सांगतेय.

मग त्यानं मोठा श्वास घेतला आणि ओरडला, "बाहेर निघ!" आणि भिंतीपलीकडनं ही लांब शिट्टी. गीताबाई म्हणली, "गेलं! गेलं बाई एकदाचं." मी म्हटलं, "गीताबाई, ती माझी डाळ आहे. कुकर लावून आले होते."

तनूनं ओढणीत तोंड घातलं. रूपा पण डोलता डोलता थांबली, ओठ दाबला. हसू होतं ते. मी पाहिलं, दुसऱ्या कुणी नाय.

मग परत घुमायला लागली.

१५ जानेवारी

इंद्रजीतनं ठरवलं, रूपानं तीन दिवस उपास करायचा, नुसत्या पाण्यावर. गीताबाई लगेच तयार. मी म्हटलं, "उपास तू कर, बाबा. तुझ्या अंगात पाच भाकरी आहेत. तिला मी जेवायला घालणार." मग मी मोरीत भांडी घासताना ऐकलं, तनूला सांगत होता, "आजी शत्रूला हलक्यात घेतात."

हलक्यात! मी! ज्या बाईनं माझ्या दंडाला चावा घेतला तिचे दात अजून दंडावर आहेत.

तनूनं त्याला उत्तर दिलं नाय. ते जास्त लागलं.

१६ जानेवारी

रुसून बसणार होते. पण भाकरी थापताना मला रुसता येत नाय, कधीच नाय जमलं.

तनूला म्हटलं, "तने, मला एक दिवस दे. नाय जमलं तर मग करा तुमचं युद्ध, मी बाजूला बसते." तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणली, "दिला. पण आजी, खेळ नाय ना करणार?" मी म्हटलं, "तुझ्या आजोबाची शपथ घेऊ का?" आपल्यात शपथ घ्यायची नसते, मग मी तव्यावरची भाकर उलटली.

जुन्या फणीचे दात पडलेत, माझ्यासारखेच. इंद्रजीतला गुलमंडीच्या बाजारात धाडलं. दोन तासांनी प्लास्टिकची घेऊन आला. परत धाडलं. लाकडी पाहिजे, बारीक दातांची. दुकानदारानं त्याला विचारलं म्हणे, "उवा झाल्या का, भाऊ?" बिचारा सांगताना लाल झाला.

रूपा आली. आधी जेवू घातलं, मेथीची भाजी, भाकर, वर लोण्याचा गोळा. मग बसवलं पाठ करून. केसांत हात घातला तर नुसता काथ्या. मी काय विचारलं नाय. डाव्या बाजूचा गुंता सुटला तेव्हा तीच म्हणली, "आजी, मी सोंग नाय करत."

मी म्हटलं, मी कुठं म्हणते.

"सुरुवात आपोआप होते. छाती भरून येते, हात कापायला लागतात, थांबवता येत नाय." मग दुसरा गुंता सुटल्यावर, "मग थोडं मीच वाढवते."

मी म्हटलं, थोडं चालतं.

मग रडली. आईला दोन वर्षांत नुसतं मोबाईलवर बघितलं, ते पण मोरीचं दार लावून. आईचे गुडघे गेलेत, ती आता येऊ शकत नाय. "आजी, मला तिचा वास आठवंना झालाय." हे म्हणताना तिचे हात कापायला लागले, अंग ताठ झालं, डोळे फिरले. हे सोंग नव्हतं. मी फणी खाली ठेवली, डोक्यावर हात ठेवला, ह्यांच्यासारखीच हळू आवाजात म्हटलं, प्रभू, जे काय हिला धरून बसलंय त्याला तुझ्या नावानं सांगते, सोड. बराच वेळ म्हणत होते. मग थरथर थांबली. अंग सैल पडलं, माझ्या मांडीवर झोपली पोर. नाव मी विचारलं नाय त्याला. गरज काय.

ती थोडं वाढवते, ते कुणाला सांगणार नाय. तनूला पण नाय. वहीला सांगितलं, बस.

१७ जानेवारी, शनिवार

आज गीताबाईला गाठलं. तनू बरोबर, हातात शास्त्र, म्हणजे बायबल. इंद्रजीत दारात उभा, तोंड सुकलेलं. मला वाटलं आजारी आहे. तर खरंच उपास धरलाय त्यानं, परवापासून, रूपाच्या वाटचा! आणि मी म्हणत होते भाकरी का उरतात.

मी म्हटलं, "गीताबाई, गेलं ते. पण प्रभूनं काय सांगितलंय? निघालेला आत्मा परत फिरतो. घर रिकामं दिसलं तर आणखी सात घेऊन येतो. तुझ्या दोन खोल्या. तुला एक सोसवंना, आठ कुठं झोपवशील?"

गीताबाई पांढरी पडली. "मग काय करायचं, मावशी?"

"घर भरायचं. पोरीला महिनाभर आईच्या हातचं खाऊ दे. आम्ही प्रत्येक बाईला तेच सांगत आलो."

"शास्त्रात माहेर कुठं लिहिलंय?"

इथं अडकले मी. तिसरी शिकलेली बाई. हे असते तर पान काढून दिलं असतं. तेवढ्यात तनू — माझी तनू! — म्हणली, "लिहिलंय, काकू. कबरांत राहणाऱ्या एका माणसातून प्रभूनं भुतं काढली. तो बरा झाला आणि म्हणला, आता मी तुमच्याबरोबर येतो. प्रभू म्हणाले, नको. तू घरी जा, आपल्या माणसांकडं."

"तो गडी होता."

"मग बाईला दोन दिवस आधी जाऊ द्या," इंद्रजीत म्हणला. दारातनं. मला वाटलं त्याला उठून एक पापा द्यावा.

पण गीताबाई खवळली. "आणि मला कुणी धाडलं? बावीस वर्षं झाली माहेराला. भाऊ हाय माझा कन्नडला, कडूबा, जिता हाय अजून. आई गेली तर मी माती झाल्यावर पोचले, दिवस मावळायच्या आत परत. माझी सासू म्हणली, तव्यावर भाकर कोण टाकणार? मला आलं का अंगात? सांगा, आलं का?"

ती आत गेली, भांडी आपटायला लागली.

हरले वाटतं.

१८ जानेवारी, रविवार

रूपा चर्चमध्ये आली, वेणी घालून. गीत म्हणली, आवाज चांगला आहे. अंगात आलं नाय. गीताबाई माझ्याकडं बघत पण नव्हती.

उपासना सुटल्यावर इंद्रजीत माझ्याजवळ आला. म्हणला, "आजी, ती पोरगी भुताच्या आवाजात खरं तेच बोलत होती, आणि मी तिला निघ निघ म्हणत होतो." मी म्हटलं, "तू निघच म्हणत होतास ना. मी पण तेच म्हटलं. नुसतं दार कुठलं ते सांगितलं."

उपास सोडला त्यानं. सहा भाकरी!

१९ जानेवारी

धाडलं! धाडलं! गीताबाईनं स्वतः पिशवी भरली. शिवराज, तिचा मुलगा, कंपनीत पहिली पाळी करून आला, तसाच न जेवता मोटरसायकल काढली. मला वाटतं तोच दोन वर्षं वाट बघत होता. गीताबाई दारातून म्हणली, "महिन्याच्या वर एक दिवस नाय." रूपानं मागं वळून बघितलं नाय. मी असते तरी बघितलं नसतं.

२० जानेवारी

तनू गेली, फेब्रुवारीत परत चक्कर टाकते म्हणून. जाताना म्हणली, "आजी, ती लाकडी फणी देतेस? पाड्यावर लागेल." दिली. इंद्रजीतनं ती गिटारीच्या पिशवीत ठेवली, नकाशाशेजारी. सहकारी!

घर केवढं मोठं झालं.

२६ जानेवारी

मैदानावर झेंडा झाला, कंपनीवाल्यांनी जिलेबी वाटली. शिवराज बिडकीनहून हुरडा घेऊन आला, रूपाच्या आईनं धाडला, माझ्यासाठी वेगळा आणि गीताबाईसाठी वेगळा. शेंगदाण्याची चटणी पण. त्याच्या मोबाईलवर रूपाला बघितलं. गाल आले! आईच्या खाटेवर मांडी घालून बसली होती.

गीताबाईनं पण बघितलं, माझ्या खांद्यावरून. मग ओट्यावर बसून एकेक दाणा खात राहिली, संध्याकाळपर्यंत. तिच्या दाराला आज लिंबू दिसलं नाय. वाळून पडलं का काढलं, विचारलं नाय.

२९ जानेवारी

भाकरी टाकत होते. गीताबाई आली. केस मोकळे. एवढे लांब आहेत मला ठाऊकच नव्हतं, अंबाडा सोडून कधी बघितली नाय तिला. हातात स्वतःची फणी. माझ्यापुढं पाठ करून बसली. मी तवा उतरवला. तेलाची बाटली घेतली. अर्धे केस झाले. मग म्हणली, "मावशी, सासूला पण माहेरी धाडतात का?"

तिचे हात कापत होते.

मग म्हणली, "तनुजा परत कधी येणार हाय?"

मी म्हटलं, सात फेब्रुवारीला. शनिवारी.