श्री. मारुती गैरहजर

आबा,

परवा तालमीतली पोरं घरी आली होती. तालीम म्हणायची सवय म्हणून म्हणते. आता तिथं भिंतभर आरसे आहेत, हिंजवडीत नोकरी करणारी मुलं संध्याकाळी गाड्यांतून उतरून वजनं उचलतात, आणि माती उरली आहे ती एका कोपऱ्यात, मारुतीपुढं, देवापुरती. पोरं चांगली आहेत. दारावर तुमच्या नावाची कमान उभी करायची आहे आणि त्या दिवशी मी चार शब्द बोलावेत अशी त्यांची इच्छा आहे. त्यातला एक म्हणाला, "आजी, ती गोष्ट सांगा. वस्तादांनी सरकारचा मान घेतला न्हाई, मारुतीला दिला, ती." मी चहा टाकला आणि बघू म्हणाले. ही गोष्ट घडली तेव्हा यांचे बापही जन्मले नव्हते, पण त्यांना ती माझ्यापेक्षा चांगली पाठ आहे. मंत्री व्यासपीठावरून खाली उतरले आणि तुमच्या पाया पडले, असंही आता त्यात आलंय. मी तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते, आबा. कुणी खाली उतरलं नव्हतं.

मुळात सगळं झालं ते तुमच्याच नियमानं. आपल्या तालमीत वस्तादाचं नाव तोंडानं घ्यायचं नाही. कुणी विचारलंच, वस्ताद कोण, तर वाकून मातीला हात लावायचा आणि मारुती म्हणायचं. पौडच्या जत्रेत एका नव्या पैलवानानं चार लोकांत तुमचं नाव घेतलं, तर तुम्ही त्याला इतक्या बैठका मारायला लावल्या की तो घरी बैलगाडीतून गेला. "माझं नाव बारशाला ठेवलंय, तुज्या तोंडासाटी न्हाई," असं तुम्ही त्याला सुनावलंत. मी दुधाचा तांब्या घेऊन उंबऱ्याबाहेर उभी होते, कारण उंबऱ्याच्या आत मला येता येत नसे, तोही तुमचाच नियम. खरं सांगायचं तर मला तेव्हा तुमचं सगळंच जरा जास्त वाटायचं. रिह्यासारख्या लहानशा गावात भाताची खाचरं सांभाळून चालवलेली तालीम ती, पण तुमचा थाट संस्थानिकाचा.

त्या सुमारास सरकारनं खेळाडूंना मान द्यायला सुरुवात केली होती. आधी दिल्लीत, मग इकडंही. नुसतं खेळणाऱ्याला नाही, तर त्याला शिकवणाऱ्याला आणि खेळासाठी झटणाऱ्यालाही. डोंगरावरच्या वाडीतला तुमचा पठ्ठ्या तोवर मोठमोठ्या कुस्त्या मारून आला होता. पुण्याच्या कुठल्याशा कचेरीतून एक कारकून माहिती घ्यायला त्याच्याकडं आला. नाव, गाव, वजन असं सगळं विचारून झाल्यावर त्यानं विचारलं, मार्गदर्शकाचं नाव? पठ्ठ्या वाकला, मातीला हात लावला आणि म्हणाला, "मारुती." कारकुनानं विचारलं, "पुढं?" तो म्हणाला, "पुढं काय न्हाई. मारुतीच." कारकुनाला वाटलं असेल, खेड्यातला माणूस आहे, आडनाव ठाऊक नसेल. त्यानं लिहून घेतलं आणि तो गेला. पठ्ठ्याला आपण काही घोटाळा केलाय हे लक्षातही आलं नाही. पुढं बोलावणं आलं तसा तो धावत तुमच्याकडं आला, "वस्ताद, तुमाला बी बोलावलंय. शाल देणार हायेत."

मी तेव्हा पुण्यात मास्तरणीचं शिक्षण घेत होते आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते. ती संध्याकाळ मला अजून दिसते. मागच्या अंगणात तुम्ही उभे आहात, मी मंत्री आहे आणि माझ्या हातात आईचं घडी घातलेलं लुगडं आहे, तीच शाल. तुम्ही तिकडून चालत येता, फार जोरात येता, मी म्हणते हळू या, हा काही आखाडा नाही. तुम्ही परत जाता आणि परत येता. नारळ उजव्या हातात घ्यायचा की दोन्ही हातांनी, हे तुम्ही मला दहादा विचारता. मग म्हणता, "मान कितपत वाकवायची? मारुतीबिगर कुणापुढं वाकली न्हाई माजी मान." चुलीपुढून आई म्हणते, "मान पायजे तर मान वाकवाया लागंल. दोनी कशी ताठ ऱ्हातील?" तुम्ही हसता. तुम्हाला असं हसताना मी फार वेळा पाहिलं नाही. तेवढ्यात शेजारचे काका डोकावतात आणि तुम्ही माझ्यावरच ओरडता, "लुगडं वाळत घाल ते, नुसती उबी काय ऱ्हायलीस."

पुण्याच्या सभागृहात तुम्ही लग्नातला कोट घालून आलात. तो पाठीत आखूड झाला होता, पण फेटा असा बांधला होता की मागच्या रांगेतल्या माणसाला व्यासपीठ दिसत नव्हतं. पठ्ठ्याचं नाव पुकारलं, तो वर गेला, टाळ्या झाल्या. मग निवेदक म्हणाला, आता त्यांचे मार्गदर्शक, श्री. मारुती. तुम्ही खुर्चीवरून अर्धे उठला होतात. ते नाव ऐकलं आणि तसेच खाली बसलात.

मी म्हटलं, "आबा, उठा. तुमालाच बोलावत्यात."

"न्हाई. देवाचं नाव घेतलंय त्यांनी."

"अवो चूक हाय ती. लिवण्यात चुकलंय."

"चूक आसू दे. पर त्या नावावं मी कसा उटू? आन हितं हुबं ऱ्हाऊन माझं नाव मीच सांगू व्हय?"

निवेदकानं पुन्हा पुकारलं. वर पठ्ठ्याला सगळं उमगलं, तो माईककडं एक पाऊल सरकला, आणि तुम्ही खालून नुसता डोळा वटारलात. एवढा गडी जागच्या जागी थिजला. तुमच्या देखत, भर सभेत तुमचं नाव घ्यायची त्याची छाती नव्हती. मग निवेदक गोड आवाजात म्हणाला, "श्री. मारुती काही अपरिहार्य कारणानं आज उपस्थित राहू शकलेले नाहीत." शाल, नारळ आणि मानपत्र पठ्ठ्याच्याच हातात दिलं, पोचवा म्हणून.

परतीच्या एस.टी.त तो खिडकीकडं तोंड करून रडत होता. "वस्ताद, जीभ झडू दे माजी," म्हणाला. तुम्ही म्हणालात, "तू नियमानं बोललास. नियम माजा हाय." भुकूम गाव मागं पडल्यावर तुम्ही फेटा काढून मांडीवर ठेवलात. मी तुम्हाला पोचवायला म्हणून घरापर्यंत आले होते. आईनं शाल उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "मंजी शाल देवाला आन तुमी तसंच. थंडी वाजत हुती व्हय देवाला?" दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही ती मारुतीच्या खांद्यावर घातलीत आणि मानपत्र भिंतीला टांगलंत. गाव बघायला लोटलं. वस्तादांनी सरकारी मान देवाच्या पायी वाहिला, असं एक म्हणाला आणि मग सगळेच म्हणायला लागले. तुम्ही कुणाला खोडलं नाहीत. खोडणार तरी काय म्हणून? मला तो मान हवा होता, असं म्हणून?

नाव दुरुस्त करून घ्यायला पठ्ठ्यानं पुढं त्या कचेरीत खेपा घातल्या. श्री. मारुती यांनी स्वतः येऊन अर्ज करावा, असं त्याला सांगण्यात आलं. हे त्यानं तुम्हाला नाही, मला सांगितलं, आणि आम्ही दोघं रस्त्यात उभे राहून हसलो. हसण्यासारखंच होतं ते.

पण पुढच्या वर्षी, मला शाळेत नोकरी लागल्यावर, एका रविवारी मी घरी आलेली असताना तुम्ही वर्तमानपत्र माझ्यापुढं टाकलंत. "औंदा कुणाकुणाला दिला मान? वाच." मी खेळाडूंची नावं वाचली, मग मार्गदर्शकांची. तुम्ही भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होतात. "परत वाच," म्हणालात, "मार्गदर्शकांचीच वाच." मी परत वाचली, सावकाश वाचली, जणू सावकाश वाचल्यानं मध्ये कुठं तुमचं नाव निघणार होतं. ते निघालं नाही. "बरी माणसं हायेत," म्हणालात आणि तालमीच्या मातीत ताक घालायला निघून गेलात. मी पेपरची घडी घातली. माझं वाचन तिथं फार वाईट झालं असं मला वाटत राहिलं. रोज वर्गात मुलांना वाचायला शिकवून काय उपयोग, असंही वाटलं.

त्यानंतर तुम्ही कधी विचारलं नाहीत आणि मीही विषय काढला नाही. तुम्ही गेलात तेव्हा प्रत्येकजण निरिच्छ हा शब्द वापरत होता.

आता पोरांपुढं काय बोलायचं ते मी ठरवलंय. त्यांना हवी ती गोष्ट मी सांगेन. मंत्र्यांना तेवढं खाली उतरवणार नाही. गावाला एक मोठा माणूस लागतो, आणि तुम्ही तसे होतातच, त्यात खोटं काही नाही. पण मला त्या दिवसाचा अभिमान कधी वाटला नाही, आबा. तुम्ही उठायला हवं होतं. मीच मारुती, असं खुशाल खोटं सांगून वर जायला हवं होतं. तुम्हाला त्या शालीत एकदा बघायचं होतं मला. ती देवाच्या खांद्यावर बघितली आणि मला देवाचा राग आला, तो अजून गेलेला नाही. आता तालमीत बायकांनाही आत सोडतात, शनिवारी सगळ्या तेल घालायला जातात, मी जात नाही. गुडघे दुखतात असं सांगते.

हे पत्र टाकायचंच नाही, म्हणून लिहिते. माझे गुडघे चांगले आहेत.