ताटावरचा आडवा हात

अंबड, नाशिक

दादा,

तुला, वहिनीला आणि आईला सप्रेम जय भीम. घडलं ते आधी सांगते.

१. गेल्या आठवड्यात तुझी पायल माझ्याकडे वरणभात जेवत होती.
२. मी आणखी वरण वाढायला गेले. तिने ताटावर आडवा हात धरला.
३. मला वाटलं, खेळतेय. मी वाढलं. वरण तिच्या हातावर पडलं. कोमट होतं, काळजी नको.
४. तिने हात चाटला आणि पुन्हा ताटावर धरला.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती "पुरे" म्हणत होती! इथल्या खास शाळेत बाई "पुरे"साठी शिकवतात ती खूण वेगळी आहे. ही तुझी आहे. आई आग्रहाने भाकरी वाढते, तेव्हा तू असाच हात धरतोस. पाच वर्षांत एक शब्द न बोललेली पोरगी तुझ्याकडे बघून शिकत होती.

आता तिला आवरणं कठीण आहे. माझ्या लॅपटॉपवर हात. शेजारच्या लताबाई फार बोलल्या, तर थेट त्यांच्या तोंडावर हात. त्या म्हणाल्या, "अगं बाई, माझ्या नवऱ्याला जन्मात जमलं नाही ते!"

शाळेतल्या खुणांचं ऐकून आई मागे फोनवर म्हणाली होती, "हातानं बोलाया लागली, तं तोंड कधी उघडंल?" तिला सांग, खुणांनी बोलणं अडत नाही, असं बाई म्हणतात. शब्द येतील का, हे मात्र त्या सांगत नाहीत.

पायल जवळ नाही म्हणून विचारते, वहिनी नीट जेवते ना?

दिवाळीनंतर तू पायलला हरसूलला घरी न्यायचं म्हणत होतास. उन्हाळ्यापर्यंत तिला इथेच राहू दे. मी शिफ्ट बदलून घेतली आहे, त्रास नाही. काय ठरवलंस ते शुक्रवारपर्यंत कळव.

तुझी,
संघमित्रा