कीवची वेरा, श्रीगोंद्याची वीणा

१२ नोव्हेंबर
कारखान्याचं गाळप सुरू. मळीचा वास घरभर. या वासात दुपारी हमखास डोळा लागतो आणि झोपेत मी हवेत असते. आजही. खाली कीवचा तो हॉल, हातांना लावायच्या पांढऱ्या भुकटीने धुरकटलेला. मी गिरक्या घेतेय, जमीन येतच नाही. भीती मात्र नाही. तो हॉल युद्धात उरलाय की नाही, कुणाला विचारू?
हे म्हणाले, "वेरा, पाय हलवत होतीस." गावाला मी वीणा, सासूबाईंनी ठेवलेलं नाव. वेरा फक्त ह्यांच्या तोंडी.

१५ नोव्हें.
शेजारच्या शमीमची आल्फिया पाटाच्या कठड्यावरून चालत होती. चवडे ताणलेले, मान ताठ, नजर खाली नाहीच. हे कुणी शिकवलं नाही तिला.
मलाही प्रशिक्षकांनी असंच शाळेच्या अंगणातून निवडून उचललं होतं. मग रोज सकाळी वजन, पावाचा तुकडा, हॉल. घर फक्त रविवारी. सगळे म्हणायचे, ही देशाच्या जिम्नॅस्टिक्स संघात जाणार.

१६ नोव्हें.
शमीम आली. "काकू, तुमी रशियात उड्या मारायच्या म्हनं. आमच्या पोरीला शिकवा की. लई नाद हाय तिला." (रशिया नव्हे, हे सांगणं केव्हाच सोडलं.) गुडघे दुखतात म्हणून टाळलं. खोटं नाही, पण कारण ते नव्हे.
ती गेल्यावर हे म्हणाले, "नको शिकवू. पण मग खिडकीत उभी राहून काय बघत असतेस?"

२ डिसेंबर
शिकवतेय. अंगणात जुन्या गाद्या, सुताराने तासून दिलेला वासा, जमिनीलगत.
"आजी, उंच करा ना."
"नाही."
आज खूप हसलो. तिला माझी पहिली नागपंचमी सांगितली. बायका फुगड्या घालत होत्या, मला जमेना. मग लुगडं खोचलं आणि कोलांटी, हातांवर चालणं, पुन्हा कोलांटी. सगळ्यांच्या फुगड्या थांबल्या. वाटलं, झालं, आता माघारी पाठवतात. सासूबाई पुढे आल्या, "आमची सून हाय! परत कर गं!" तसं कौतुक कीवमध्येही कधी...

२१ डिसें.
हे आल्फियाला आमची गोष्ट सांगत बसले. साखरेचं शिकायला कीवला आलेलं पोरगं, थंडीने गारठलेलं, ऊब मिळते म्हणून आमच्या हॉलमध्ये येऊन बसायचं. मी तेव्हा छोट्या मुलींना शिकवायचे. माझं खेळणं संपलं होतं.
"का संपलं?" आल्फिया.
हे माझ्याकडे बघत राहिले. मी चहा ठेवायला उठले.

११ जानेवारी
सोमवारी पुण्याच्या क्रीडा वसतिगृहासाठी निवड चाचणी. आज आल्फिया उडी मारून उतरली आणि हसली. ते हसू मी ओळखते. दात घट्ट, डोळे हसतच नाहीत. घोटा सुजलेला.
"न्हाई दुखत, आजी. खरंच."
मीही हेच म्हटलं होतं, मोठ्या निवडीच्या तोंडावर. माझ्या प्रशिक्षक तमारा बाईंनी घोटा दाबून पाहिला. "दुखतंय ते निवडीनंतर सांग." चढले बीमवर, त्या उंच अरुंद वाशावर. उतरताना हाड मोडलं. माझ्या जागी दुसरी मुलगी परदेशी गेली. पाय बरा होईपर्यंत मी उंच झाले होते, कुणाला नको होते.
शमीमला सांगितलं, सोमवारी जायचं नाही.
"काकू, एकच दिवस हाय. गोळी दिऊ का?"
"नाही."
आल्फिया किंचाळली, "तुमाला मी पुढं गेल्याली बघवत न्हाई!"
दिवसभर तेच कानात. थोडं खरं असेल?

१३ जाने.
सोमवार. डॉक्टरांनी घोट्याचा एक्स-रे पाहिला. हाडाला बारीक चीर. "खेळली असती तर हाड मोडलं असतं." शमीमने माझा हात घट्ट धरला.
परतताना रिक्षात आल्फियाला तमारा बाईंचं सगळं सांगितलं. ती बाहेर उसाकडे बघत होती. तुरे आलेत, वाऱ्यावर सगळं रान तरंगल्यासारखं. ऐकलं की नाही, कोण जाणे.

२८ जाने.
आल्फिया येत नाही. अंगणातला वासा उचलू का, ह्यांनी विचारलं. राहू दे म्हटलं. दुपारी स्वप्न पडलं नाही.

१४ फेब्रुवारी
प्लास्टर निघालं. आल्फिया आपणहून आली, ओट्यावर बसली. उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, पाचट उडत होतं. दोघी बघत राहिलो. मग, रस्त्याकडेच बघत:
"आजी, तवा तुमच्या बाईंनी तुमाला थांबवलं असतं तर?"
"तर काय?"
"तुमी त्यांच्यासंगं बोलला असता?"
गोड उत्तर जिभेवर आलं होतं. पण त्या वयातली मी आठवली. जन्मात तोंड पाहिलं नसतं त्यांचं.
"नाही," म्हटलं.
तिने मान डोलावली. उठली मात्र नाही.