दुसरं पान

अंबरपेठ, गुरुवार

प्रिय शोभा,

माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. फाडू नकोस, आधी वाच. फोन केला असता तर तू कापला असतास, म्हणून पत्र.

सैन्याच्या प्रथमोपचार पिशव्यांसाठी आपल्या कारखान्याला आणखी एक संधी मिळाली आहे! पण मिळेपर्यंत घाम निघाला बघ. आपल्यासारख्या आठ मशीनवाल्यांकडेही तीन वर्षं सरकारी माल पुरवल्याचा दाखला मागतात. आपला पहिलाच माल नापास झालेला, दाखला कुठला? मग लहान उद्योगांच्या सवलतीचा वेगळा फॉर्म भरला, कापड प्रयोगशाळेतून तपासून आणलं. संगणकावरची सही माझी, पण ती करायला आमचा निखिल लागतो. हिम्मतराव म्हणतात, बायकोने सरकारला लिहिली तेवढी पत्रं मला कधी लिहिली नाहीत.

त्या पहिल्या मालाबद्दलच लिहायचं आहे. पाचशे पिशव्या परत आल्या, तेव्हा तपासणीचे साहेब मला म्हणाले होते, "सिलाई तो अच्छी है अम्मा, पन ड्रॉइंग में ऐसा नै है." पट्ट्याच्या टोकाला चौकोन आणि आत फुली शिवायची होती, आपण दोन सरळ टिपा मारल्या होत्या. मी सगळ्या बायकांसमोर तुझ्यावर ओरडले, तुझं लक्षच नसतं म्हणाले. तू कात्री टेबलावर ठेवलीस आणि गेलीस. आता सिकंदराबादला ब्लाउज शिवतेस, असं विमलाबाईंकडून कळलं.

आता ऐक, आणि खुशाल हस. ती ऑर्डर आली तेव्हा पहिलीच सरकारी म्हणून मी पाकिटाला हळदकुंकू लावून ते देव्हाऱ्यात ठेवलं होतं. ड्रॉइंगचा वरचा कागद तेवढा काढून तुला दिला. गेल्या आठवड्यात देव्हारा आवरताना पाकीट झटकलं, तर आतून दुसरं पान पडलं. सुधारित ड्रॉइंग! चौकोन, फुली, सगळं त्यात. आठ महिने मी त्याला रोज उदबत्ती ओवाळत होते. हिम्मतरावांना हसून हसून ठसका लागला. मी मात्र तिथेच बसून रडले.

चूक माझी होती, शोभा. तुला दिलेल्या कागदाप्रमाणे तू अगदी बरोबर शिवलं होतंस. काल सगळ्या बायकांना बोलावलं, ते पान दाखवलं आणि हे मोठ्याने सांगितलं.

सोमवारी दहा वाजता साहेब नवा नमुना बघायला येणार आहेत. मालाची अंतिम तपासणी कोण करणार, असा अर्जात एक रकाना आहे, आणि त्या व्यक्तीने समोर हजर राहून सही करायची असते. तिथे मी तुझं नाव घातलं आहे, तुला न विचारता. ही सरळसरळ बळजबरी आहे, मान्य. तू आली नाहीस तर ऑर्डर जाईल, आणि तुला कुणी बोल लावणार नाही, मी लावू देणार नाही. पण त्या रकान्यात माझं नाव मी लिहिणार नाही. जिला आलेला कागद नीट वाचता येत नाही, तिने दुसऱ्याचं काम तपासू नये.

तुझीच, चुकलेली,
भामा