श्रीमंतांचा काळा मेंढा

समुद्रापलीकडे तारासला जाऊन राहिलेल्या समस्त एलिसकरांनो! (भाषणांची सवय जात नाही, दादा, पत्रालाही मी सभाच समजतो.) मेलेल्यांच्या देवाला आपल्या गावाने देऊळ बांधले, म्हणून परगावचे लोक आपल्या हातून अंजीर घेतानाही बोटे चोरतात. हा अन्याय तुम्ही तिकडेही सोसत असाल. असो. तीर्थस्वरूप निकोस्ट्रातोसदादा, धाकट्या एव्हाग्रोसचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला? बाबा जरा थकलेत, इतकेच. तू यावेस असे त्यांना फार वाटते, आणि सगळा गोंधळ त्यातूनच झाला.

आई त्या देवाचे नाव कधी घेत नसे, आठवते? 'श्रीमंत' म्हणायची. (धान्य जमिनीतून येते आणि माणसे जमिनीत जातात, त्यांच्याइतका श्रीमंत दुसरा कोण?) जमिनीवर तळहात आपटून ती त्यांना हाक मारी. आपण दोघे तोंड फिरवून उभे, आणि तू बोटांच्या फटीतून बघून मला सांगायचास की काळे घोडे आले. मी आठ वर्षांचा होईपर्यंत ते घोडे खरे मानले. आता अर्धे ग्रंथालय वाचून बसलो आहे, पण तसे घोडे एकाही ग्रंथात सापडले नाहीत.

तर गेल्या महिन्यात बाबांनी हट्ट धरला की श्रीमंतांना काळा मेंढा बळी द्यायचा. मागणे एकच: निको येईपर्यंत मला नेऊ नका. संध्याकाळी आम्ही खड्डा खणला. मेंढा मी बांधला. पुजाऱ्याने खूण करताच रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी पाठ फिरवली. बाबांनी गुडघे टेकून जमिनीवर हात आपटले आणि शेजाऱ्याला बोलवावे तसे ओरडले, "अहो, ऐकताय ना? थोरला समुद्रापलीकडे आहे, जरा थांबा!" त्यावर मागे खुरांचा आवाज झाला आणि मग सगळे शांत. कोणी वळेना. मावशी कुजबुजली, "जिवंत नेला गं बाई!" पुजारी दरडावला, "मागं बघू नका!" (तोही बघत नव्हता. मग सुरी कोणावर चालवणार होता?) अशी अकरा माणसे भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, आणि मेंढा मावशीच्याच कोबीच्या वाफ्यात जेवत होता.

दुसऱ्या दिवशी गावभर झाले की श्रीमंतांनी दान नाकारले, म्हातारा आता राहत नाही. माझे डोके फिरले. भर चौकात दगडावर चढलो आणि गरजलो, "एलिसकरांनो, देवाने काही नाकारले नाही! गाठ सैल होती, आणि ती मी मारली होती! आपण याचे नाव टाळतो, याच्याकडे पाठ करतो, म्हणून हा यायचा थांबतो का? मी आज त्याचे नाव घेतो! त्याचे नाव आहे..." आणि समोर पहिल्याच रांगेत काठीवर हनुवटी टेकून बाबा बसलेले दिसले.

"घे की," बाबा म्हणाले. "मी ऐकतोय."

मागून कोणी ओरडले, "बोला ना, वक्ते! जीभ खाली श्रीमंतांकडे पोचली का?"

"श्रीमंत," मी म्हणालो आणि दगडावरून उतरलो. सगळ्यांत जास्त बाबाच हसले. घरी येईपर्यंत माझा खांदा धरून हसत होते, अगदी आई होती तेव्हा हसायचे तसे. तो हात किती हलका झाला आहे, दादा.

तुझा,
एव्हाग्रोस

ता. क. मेंढा अंगणात चरतो आहे. पुजारी पुन्हा मागायला आला, तर बाबांनी काठी उगारली: "आता तो त्यांचा नाही, निकोचा आहे."

ता. क. दुसरा. 'जरा थकलेत' हे खोटे लिहिले. चौकात नाव घेता आले नाही, आणि पत्रातही पाठच फिरवली. बाबा मरणार आहेत. वैद्य म्हणतो, द्राक्षे उतरेपर्यंत. चार दिवस अंथरुणावरून उठलेले नाहीत. सकाळी विचारतात, जहाज आले का, आणि मी म्हणतो, वारा पडलाय. हे पत्र तिकडच्या मंडळींना वाचून दाखवू नकोस, उत्तरही लिहीत बसू नकोस. खाली ठेव आणि आज बंदरातून जे पहिले जहाज इकडे निघेल त्यात चढ.