टेबलावरचं फाटकं जाळं

बाबा, पाया पडते.

पुण्यात जेवणाखाण्याचं ठीक आहे, मायले सांगा. सानगडीच्या तलावात मासे लागून राहिले का?

आज माझं डोकं तापलं आहे. चित्रशाळेत टेबलावर मडकं आन फाटकं जाळं मांडलं होतं. तीन हप्त्यांपासून सगळे तेच पाहून चित्र काढून राहिले होते. जाळ्यातलं ते भोक मले रोज सलत होतं. आज सर यायच्या आधी मी तुमच्यासारख्या गाठी मारून बुजवून टाकलं.

तर सर माझ्यावरच भडकले! "सगळ्यांचं चित्र बिघडवलंस. काप त्या गाठी!"

मी म्हटलं, "माझ्या हातानं होणार नाही."

"मग घरून दुसरं फाटकं आण."

कुठून आणू, बाबा? आपल्या घरी फाटक्या जाळ्याले तुमी कधी दुसरा दिवस पाहू देला का?

तुमचीच रागावलेली,
डिंपल