धरणावरचं जांभूळ

आई, तुझ्या जांभळाबद्दल एक विचारायचं आहे. टेकड्यांच्या पायथ्याशी, त्या छोट्या मातीच्या धरणावर तू लावलेल्या जांभळाबद्दल. तुझी बाकीची झाडं आता कुठे आहेत, आहेत की नाहीत, देव जाणे. बाबांची बदली झाली की नव्या गावात तू दोन कामं सगळ्यात आधी करायचीस. एक, नळाचं पाणी काचेच्या ग्लासात भरून रात्रभर खिडकीत ठेवायचं आणि सकाळी उजेडात धरून तळाला काय बसलंय ते बघायचं. ट्रंका उघडलेल्या नसायच्या, गादीचा पत्ता नसायचा, पण ग्लास मात्र खिडकीत हजर. तळाशी माती दिसली की तुरटी फिरायची, नाही दिसली तर तू त्या गावाला पास करायचीस. आणि दुसरं काम म्हणजे क्वार्टरच्या आवारात एक झाड लावणं. जबलपूरला पेरू लावलास, झाशीला लिंबू, बिलासपूरला सीताफळ. फळ धरायच्या आत बाबांची ऑर्डर यायची. बाबा चिडवायचे, की तू अख्ख्या देशाची बाग करतेस आणि फळं खातं दुसरंच कुणीतरी. तू म्हणायचीस, "खाईन नं कोनीतरी. झाड काय वाया जाते?"

चंदीगडला आपल्याला वरच्या मजल्यावरचं क्वार्टर मिळालं आणि तुझी पंचाईत झाली. डालड्याच्या डब्यात जांभळाचं रोप तयार, पण लावायला हातभर जमीन नाही. आपण रविवारी त्या धरणावर जायचो. नुसतं फिरायला, बोटीत बसायला आणि मीठ-लिंबू चोळलेलं कणीस खायला बांधलेलं ते तळं. एका बाजूला मातीचा लांबलचक भराव, त्यावर फिरायची वाट, आणि सावली नावालाही नाही. एका रविवारी तू पिशवीतून डबा काढलास, बाबांच्या स्कूटरच्या डिकीतला पाना घेऊन खड्डा खणलास आणि रोप लावून मोकळी झालीस. चौकीदार धावत आला. "माताजी, किससे पूछ के लगा रहे हो?" तू पदराला हात पुसत त्याला सुनावलंस, "पूछना क्या है भैया? छाँव में तो तुम ही बैठोगे ना, बाप्पा!" तो हसला. पुढचा सगळा उन्हाळा त्यानेच पाणी घातलं. बाबा मात्र घरी येईपर्यंत मागे वळून वळून बघत होते, सरकारी नोकर बिचारे.

आणि हीच तू! खालच्या मजल्यावरच्या पंजाबी आंटींच्या कढीपत्त्याची एक डहाळी मी न विचारता तोडून आणली होती, आठवतं? तू फोडणीचा गॅस बंद केलास. "घरवालीले इचारलं नाही, झाडाले इचारलं नाही, आन् दिवे लागल्यावर तोडलं! झोपते नं ते." मला जिना उतरून जावं लागलं. आंटी हसत राहिल्या आणि आणखी दोन डहाळ्या दिल्या, पण मला आधी झाडासमोर उभं राहून माफी मागावी लागली. त्या दिवशीचं वरण बिनाकढीपत्त्याचंच झालं. आधी विचारायचं, मग हात लावायचा, हा तुझा कायदा आमच्यासाठी होता. तुझ्यासाठी वेगळा होता, एवढंच म्हणते.

चंदीगडमध्ये बाबा रिटायर झाले, आपण इथेच राहिलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा तू लावलेल्या झाडाचं फळ तुझ्या हातात आलं. पहिल्या वर्षी मूठभर जांभळं. तू एक तोंडात टाकलंस, डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "तुरट आहे मेलं." मग अख्ख्या धरणावर वाटत फिरलीस, बोटवाल्यांना, चौकीदाराला, कणीसवालीला. जीभ दाखवून दाखवून हसत होतीस. तुला इतकं खूश मी माझ्या लग्नातही पाहिलं नाही.

तू गेल्यावर मी त्या झाडाखाली बसायला जायचे. आता मात्र कामासाठी जावं लागलं. मी इंजिनियर झाले, पुढे लहान धरणं तपासायचं काम माझ्याकडे आलं, हे तुला ठाऊक आहे. मातीचं धरण थोडं झिरपणारच, माठ झिरपतो तसं. झिरपा स्वच्छ असला तर आम्ही निवांत असतो. गढूळ झाला, तर पाणी आतली माती बरोबर घेऊन निघालेलं असतं, आणि मग भिंत आतून पोखरत जाते. या पावसाळ्यानंतर गेले तर तुझ्या जांभळाच्या बरोबर खाली, भिंतीच्या पायथ्याशी, ओल दिसली. पाण्याचा रंग नजरेला धड कळत नव्हता. मी ते बाटलीत भरून घरी आणलं आणि काय केलं असेल? तुझ्या काचेच्या ग्लासात ओतून खिडकीत ठेवलं. सकाळी तळाला बोटाच्या पेराएवढी पिवळसर माती होती.

आई, झाडं माती धरून ठेवतात, हे तूच मला शिकवलंस, आणि डोंगरउतारावर ते खरंच आहे. धरणावर ते उलटतं. एखादं मूळ मरतं, कुजतं, आणि त्याच्या जागी भिंतीच्या पोटात नळी उरते. जांभळाची एक बाजू दोन वर्षांपासून वाळत होती. भिंतीच्या खाली आता वस्ती आहे. बोटवाल्यांची घरं आहेत, कणीसवालीच्या सुनेचं पाळणाघर आहे. मी अहवालात लिहिलं, पाणी उतरवा, झाड मुळासकट काढा, माती थर देऊन दाबून भरा. खाली सही केली.

आंटी आता फार थकल्या आहेत, तरी त्यांचा फोन आलाच. "पुत्तर, ओ तेरी मां दा लाया होया है. तू किवें कटवा सकदी एं?" आईने लावलेलं झाड मी कापवूच कशी शकते, हा त्यांचा प्रश्न. मी त्यांना नळीचं समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मां नूं पुछ लै." मला रडू आलं. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि मग रागही आला. सगळ्यांना सावली हवी, झाडाखालची भिंत कुणालाच नको. माझा मुलगा म्हणाला, "मम्मा, रिपोर्ट किसी और से बनवा लो ना." त्यालाही तुझ्यासारखी पळवाट लगेच सापडते.

गेल्या महिन्यात पाणी उतरवलं. बोटी चिखलात आडव्या पडल्या होत्या. करवतवाले संध्याकाळी आले आणि लगेच सुरू करतो म्हणाले. मी सांगितलं, उजेड कमी आहे, सकाळी या. उजेड भरपूर होता. सकाळी मी झाडाच्या बुंध्याशी बाटलीभर पाणी ओतलं, तेव्हा मुकादम माझ्याकडे बघतच राहिला. कापायच्या झाडाला पाणी घालणारी मॅडम त्याने पहिल्यांदाच पाहिली असेल. झाड पडताना मी तोंड फिरवलं नाही, सगळं पाहिलं. दोन दिवसांनी मुळं उपसली. वाळक्या बाजूचं जाड मूळ हातात भुश्शासारखं आलं, आणि त्याच्या जागेतल्या पोकळीत माझा हात कोपरापर्यंत गेला. आतलं पाणी गार होतं. आणखी एक पावसाळा गेला असता तर काय झालं असतं, ते मला दिसत होतं.

आता तिथे चिकणमाती भरून रोलर फिरवलाय, पाणी जावं पण माती अडावी म्हणून पायथ्याशी वाळू-खडीचा थर दिलाय. तळं पुन्हा भरतंय. वाटेवर सावली नाही, लोक मला शिव्या देत फिरतात. झिरपा अजून आहेच, थोडासा. काल मी ते पाणी आणलं. आज सकाळी ग्लासाचा तळ स्वच्छ होता, तू पास केलं असतंस.

हे पत्र टाकायचं कुठे? एवढ्या बदल्या केल्यास, प्रत्येक वेळी पोस्टात नवा पत्ता देऊन आलीस, या वेळी तेवढं राहिलं. आंटी म्हणाल्या होत्या आईला विचारून घे, आणि मी घेतलं नाही. तू नाही म्हणशील या भीतीने नाही. तू हो म्हणाली असतीस, आणि मला ते ऐकवलं नसतं. लावताना तू कुणाला विचारलं नव्हतंस. मी पाडून झाल्यावर विचारते आहे.

आई, पाडू का?